मैना काय म्हणाली, हेही विचारा

प्रश्न : सर, मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इतिहास-भूगोल शिकवते. यंदा आठवीच्या ‘महाराष्ट्र राज्याची निर्मिती’ या पाठाला मी वर्गात गाणी लावली. थोडी शाहिरी, राज्यगीत, एकदोन जुनी हिंदी सिनेमातली. मुलं खूश झाली, बाकं वाजवली, शेवटच्या बाकावरच्या दोघांनी नाचूनही घेतलं. शेजारच्या वर्गावरच्या गणिताच्या सरांनी तक्रार केली आणि मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, “बाई, तासिका चालली होती की ऑर्केस्ट्रा?” तेही मी सोडून दिलं असतं, पण घटक चाचणीत नेमक्या त्याच पाठावर मुलांनी जवळजवळ काही लिहिलं नाही. एकाने तर उत्तराच्या जागी गाण्याचं ध्रुवपद लिहून ठेवलं. पुढे संविधानाच्या पाठाला एक भीमगीत लावलं, तर एक पालक येऊन म्हणाले, “आमच्या मुलांना हे कशाला ऐकवता?” आता वाटतं, पुस्तक उघडावं, वाचून दाखवावं आणि गप्प बसावं. तुम्ही काय म्हणाल?

– एक शिक्षिका

बाई,

स्पीकर कपाटात ठेवून कुलूप लावू नका. पण मुख्याध्यापकांवर इतक्यात रागावूही नका. त्यांचा टोमणा बोचरा होता, तरी त्यात थोडं तथ्य आहे. कडू काढा देण्याआधी आपण लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, तसं तुम्ही गाणं वापरलंत. पोरांनी गूळ खाल्ला आणि काढा तुमच्याच हातात राहिला. चूक मुलांची नाही. गाणं संपलं आणि मग ‘धडा’ सुरू झाला, म्हणजे गाणं हा धडा नव्हे, हे तुम्हीच त्यांना सांगून टाकलंत.

हे मी वरून बोलत नाही. मी टेपरेकॉर्डरच्या जमान्यातला मास्तर. ‘किस्मत’ सिनेमातलं ‘दूर हटो ऐ दुनियावालो’ मी वर्षानुवर्षं ‘छोडो भारत’च्या पाठाला लावत असे. कवी प्रदीप यांचे शब्द, अनिल बिस्वास यांचं संगीत, साल 1943. नेते तुरुंगात आहेत आणि थिएटरात लोक हे गाणं ऐकून उभे राहतायत, असं रंगवून सांगायचो. मुलं भारावायची, मीही भारावायचो. एका वर्षी खिडकीशी बसणाऱ्या एका मुलाने हात वर केला. “सर, ह्यात जर्मन आणि जपानी म्हटलंय. इंग्रज कुठायत?”

मी रिवाइंड करून पुन्हा ऐकलं. इंग्रज नव्हतेच. इतकी वर्षं मी ते गाणं वाजवलं होतं, ऐकलं मात्र नव्हतं. त्या दिवशीची उरलेली सगळी तासिका एवढ्याच प्रश्नावर गेली. दुसरं महायुद्ध चालू आहे, जर्मनी आणि जपान हे इंग्रज सरकारचे शत्रू. त्यांची नावं गाण्यात टाकली की सेन्सॉरच्या टेबलावर ते सरकारच्या बाजूचं युद्धगीत दिसतं. आणि पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ‘दुनियावाले’ कोण, हे सांगावं लागत नाही. सेन्सॉरशिप, महायुद्ध, बेचाळीसची चळवळ हे तीन घटक त्या एका ओळीत अडकून बसले होते. मला ते मुलाने काढून दाखवले.

तेव्हापासून मी गाण्याला साक्षीदार मानतो. साक्षीदाराला हार घालत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात. तू कोण, कधीचा, कुणासाठी बोलतोयस, कशाबद्दल गप्प आहेस? आठवीच्या पुस्तकाचा पहिला पाठ ‘इतिहासाची साधने’. आपण तो जूनमध्ये पाऊस आणि प्रवेशांच्या गडबडीत दोन तासिकांत उरकतो. पण भौतिक, लिखित, मौखिक, दृक्-श्राव्य ही जी यादी आपण पाठ करून घेतो, त्यात गाणं बसतंच. तुम्ही काही अभ्यासक्रमाबाहेरचं करत नव्हता. हे टाचणात लिहा, म्हणजे ऑर्केस्ट्राचा प्रश्न निम्मा तिथेच मिटेल.

आता तुमचा पाठ घेऊ. पाच गाणी लावू नका, दोन लावा. मी असतो तर अण्णाभाऊ साठे यांची ‘माझी मैना’ ही छक्कड (लावणीच्या ढंगाचं शाहिरी गाणं; बायकोला, म्हणजे मैनेला, गावी ठेवून पोटासाठी मुंबईला निघालेल्या माणसाचं) आणि 1956 च्या ‘सी.आय.डी.’ सिनेमातलं ‘ऐ दिल है मुश्किल जीना यहाँ’ ही जोडी घेतली असती. एक संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातलं, मैदानात डफ-तुणतुण्यावर, झिलकऱ्यांच्या, म्हणजे मागे सूर धरणाऱ्यांच्या, साथीने म्हटलेलं. दुसरं त्याच काळातलं, ओ. पी. नय्यर यांच्या चालीवरचं, जॉनी वॉकर यांनी पडद्यावर म्हटलेलं. शहर एकच, मुंबई. आणि दोघेही लिहिणारे बाहेरून आलेले. अण्णाभाऊ वाटेगावचे. ते आज सांगली जिल्ह्यात आहे, तेव्हा तुमच्याच सातारा जिल्ह्यात होतं, हे मुलांना जरूर सांगा. लहान वयात वडिलांबरोबर पायी चालत मुंबईला गेले, शाळा जेमतेम, पुढे गिरणीतही काम केलं. मजरूह सुलतानपुरी उत्तर प्रदेशातले, 1945 मध्ये मुशायऱ्यासाठी मुंबईत आले आणि इथलेच झाले. दोघांची उठबस डाव्या विचारांच्या कलावंत-लेखकांत. म्हणजे दोन्ही गाणी एकाच शहराबद्दल, नव्याने आलेल्या माणसाच्या डोळ्यांनी लिहिलेली. एक मराठीत, चळवळीसाठी. एक हिंदीत, तिकीटबारीसाठी.

नय्यर यांची ती चालही मूळची इथली नाही, बरं का. ‘क्लेमेंटाइन’ नावाच्या जुन्या अमेरिकन गाण्यावरून ती घेतलेली आहे, आणि त्या गाण्यात 1849 च्या सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेलेला खाणमजूर आहे. पोटासाठी निघालेल्या माणसाची चाल समुद्र ओलांडून बोरीबंदरला उतरली, याची मला भारी गंमत वाटते. वर्गात सांगायलाच हवं असं नाही.

गाणं लावण्याआधी एकही अक्षर बोलू नका. ‘आता आपण एक स्फूर्तिदायक गीत ऐकणार आहोत’ असं म्हटलंत की ऐकायचं काय उरलं? दीड-दोन मिनिटांचा तुकडा लावा, दोनदा. दुसऱ्या वेळी मुलांनी न कळलेला एकेक शब्द वहीत टिपायचा. कळलेला नव्हे, न कळलेला. अण्णाभाऊंच्या छक्कडीतून ‘हडसनची गाडी’ येईल, ‘जॉर्जेट’ येईल. हडसन ही अमेरिकन मोटार. नायलॉनच्या नि जॉर्जेटच्या तलम साड्या, बुटांच्या जोड्या, माडीवर माडी, आणि त्याच दमात बेकारांची गर्दी, ऐतखाऊ, शिरजोर. शाहिराने यादीच दिली आहे. फळ्यावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला कुणाच्या मालकीच्या वस्तू, दुसऱ्या बाजूला कुणाचे श्रम. दुसऱ्या गाण्यातून ‘बिल्डिंग’, ‘ट्राम’, ‘मोटर’, ‘मिल’ हे शब्द एका ओळीत मिळतील. बेघराला आवारा म्हणायचं आणि दुसऱ्याचा गळा कापणं याला ‘बिझनेस’ म्हणायचं, ही मजरूह यांची तक्रारही मिळेल. ती ऐकून मुलं हसतील. हसू द्या, आणि ‘मिल’ म्हणजे काय हे विचारा. तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे पणजोबा गिरणीत असतील आणि पोरांना ते ठाऊक नसेल.

मग नकाशा. छक्कडीच्या शेवटाकडे शाहीर वळण घेतात. मैनेची आणि माझी ताटातूट झाली, तीच गत खंडित महाराष्ट्राची, असं म्हणून बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावं घेतात. चौघा मुलांना भिंतीवरच्या नकाशावर ती शोधायला लावा. दोन कर्नाटकात सापडतील, दोन गुजरातेत. 1 नोव्हेंबर 1956 चं द्विभाषिक मुंबई राज्य, 1 मे 1960 ची तारीख, 106 हुतात्मे, हे सगळं आता पुस्तकातून वाचा. मुलं तुमच्या आधी वाचतील, कारण त्यांना ती चार नावं कुठे गेली हे हवं असतं. राज्यगीतही याच नकाशापाशी उपयोगी पडतं. त्यातली ‘रेवा’ म्हणजे नर्मदा, ती आज महाराष्ट्राला फक्त नंदुरबारच्या टोकाला शिवून जाते, हे पोरांना शोधू द्या.

एक सावधगिरी. छक्कडीच्या सुरुवातीला मैनेच्या रूपाचं वर्णन आहे आणि आठवीचा वर्ग तिथे खुसखुसणारच. त्यात लाजण्यासारखं काही नाही, तरी तुमची तासिका पस्तीस मिनिटांची आहे. तिथून सुरू न करता भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून गाण्यातला माणूस निघतो, तिथून सुरू करा.

आणि आता मला खरं सांगायचं आहे ते. निघताना तो तिला वचनं देतो. पत्रं पाठवीन, दागिन्यांनी मढवीन. तिचं मन काही खुलत नाही, एवढंच शाहीर सांगतात, आणि तो छातीवर दगड ठेवून मुंबईची वाट धरतो. तिथे गाणं थांबवा आणि विचारा : मैना काय म्हणाली?

वर्ग गप्प होईल. कारण मैना काहीच म्हणत नाही. संपूर्ण छक्कडीत तिला एक ओळ नाही. गंमत अशी की बाजारू म्हणून आपण ज्याला नाकं मुरडतो त्या हिंदी गाण्यात, शेवटच्या कडव्यात, गीता दत्त यांच्या आवाजातली बाई उत्तर देते. रडतोस काय, इथे जगणं सोपं आहे, जसं करशील तसं भरशील, असं ठणकावते. म्हणून छक्कड लहान ठरत नाही. पण मुलांना दिसतं की चळवळीचं थोर गाणंही कुणाला तरी बोलायला जागा देत नाही. समाजशास्त्र म्हणतात ते हेच, आणि एरवी ते मुलांच्या गळी उतरवायला आपल्याला फार घाम गाळावा लागतो.

मैनेचा आवाज नसेल, तर तो आणायचा कुठून? जात्यावरून. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी गावोगाव हिंडून बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी ‘पारी’ या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकायला मिळतात. माहेर, नवरा, भाऊ, सासुरवास, पोटाची ओढ, सगळं आहे त्यात. दोन ओव्या निवडा. त्याहून सोपं म्हणजे गृहपाठ द्या : घरातल्या किंवा आळीतल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, घरातला पुरुष मुंबईला होता तेव्हा शेत कोण बघायचं, मनिऑर्डर कुणाच्या नावाने यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं. साताऱ्यातल्या शाळेत या प्रश्नांना उत्तरं मिळाली नाहीत तर मला कळवा. मिळतीलच. भूगोलाला स्थलांतर शिकवताना हीच वही पुन्हा उघडता येईल.

याच न्यायाने आणखी एक पाऊल. आपल्या बाजूचं गाणं ऐकवलं की समोरच्या बाजूचंही ऐकवायचं. गोवा महाराष्ट्रात यावा की वेगळा राहावा यावर 16 जानेवारी 1967 ला जनमत कौल झाला. तेव्हा उल्हास बुयांव कोकणीतून ‘गोंयच्या म्हज्या गोंयकारांनो’ गात विलीनीकरणाच्या विरोधात गावोगाव फिरले. कौल सुमारे 34 हजार मतांनी वेगळं राहण्याच्या बाजूने गेला. मराठी मुलांना हे ऐकताना थोडं टोचतं. टोचू द्या.

चाचणीचा प्रश्न राहिला. तुम्ही वर्गात एक केलंत आणि कागदावर दुसरंच विचारलंत. ‘संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना केव्हा झाली’ या प्रश्नाला छक्कड काय मदत करणार? प्रश्न असा द्या : ‘गाण्यात मुंबईच्या ट्रामचा उल्लेख आहे. हे गाणं 1970 साली लिहिलं असेल का? कारण द्या.’ मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला धावली, ही माहिती प्रश्नातच देऊन टाका. तर्क मुलांनी करायचा. किंवा ‘गाण्यातल्या चार ठिकाणांपैकी दोन आज कोणत्या राज्यांत आहेत आणि का?’ आठवीला आकारिक मूल्यमापन आहेच. उपक्रम आणि तोंडी कामाचे गुण तुमच्या हातात आहेत, ते यावर खर्च करा. आणि एक गोष्ट साफ सांगतो : गाणं आकडे देत नाही. मुंबईत गिरण्या किती, कामगार किती, द्विभाषिक राज्य का कोसळलं, हे शाहीर सांगणार नाही. त्यासाठी पुस्तकच लागतं. गाण्याने भूक लागते, जेवण पुस्तकातलं. त्यामुळे ‘पुस्तक की गाणी’ हा तुमच्या पत्रातला पेच मला पेच वाटतच नाही.

गोंगाटाबद्दल फार बोलत नाही. आवाज कमी ठेवा, शेवटची तासिका मागून घ्या, गणिताच्या सरांना आदल्या दिवशी सांगा. मुख्याध्यापकांना एकदा मागच्या बाकावर येऊन बसायची विनंती करा. न कळलेल्या शब्दांची यादी निघताना त्यांनी पाहिली की पुढचं बोलणं सोपं होईल. कॉपीराइटची धास्ती कुणी घातली तर कलम 52 दाखवा. शाळेत विद्यार्थी-शिक्षकांपुरतं गाणं वाजवायला कायदा आडवा येत नाही. त्याचा व्हिडिओ करून यूट्यूबवर चढवू मात्र नका, ती वेगळी गोष्ट झाली.

आता पालकांची तक्रार. इथे मी तुमच्या बाजूने उभा आहे, तरी तुम्हालाही एक विचारतो. भीमगीत लावल्यावर त्या वर्गातल्या दोन-चार मुलांकडे सगळ्यांच्या माना वळल्या का? तुमचीही वळली का? ‘तू सांग रे या गाण्याबद्दल’ असं कुणाला म्हणालात का? म्हणाला असाल तर पुन्हा कधी करू नका. त्या पोराला आपण वर्गात प्रदर्शनात मांडतो आणि आपल्या ते ध्यानातही येत नाही. गाणं सगळ्यांपुढे ठेवायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. भीमगीतांचे शाहीर वामनदादा कर्डक कोण? सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, तरुणपणी मुंबईत अक्षरं शिकलेले. ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंत घटनेतली समता कशी पोचली? मैदानातून, जलशातून, रात्रभर चाललेल्या गायनाच्या कार्यक्रमांतून. प्रसारमाध्यमांचा पाठ याहून चांगला कसा शिकवणार? जात्यावर बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, त्याही सोबत घ्या.

पालकांना खुर्ची द्या, चहा द्या, आणि त्यांच्याच मुलाचं पाठ्यपुस्तक उघडून सुरुवातीला छापलेली संविधानाची उद्देशिका दाखवा. म्हणा, “दादा, हे आमचं-तुमचं वेगळं नाही. हे गाणं या पानाबद्दल आहे. चाचणीत याच्यावर प्रश्न येणार आहे.” आवाज चढवू नका. भाषण तर अजिबात देऊ नका. आपल्याकडे पालक मार्कांची भाषा लगेच समजून घेतात. ते पुरेसं नाही हे मला कळतं, पण सुरुवात तिथून होते. माफी मात्र मागू नका आणि पुढच्या वर्षी ते गाणं गाळूही नका.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी येणारच म्हणून सांगतो. मुलं म्हणतील, आम्हीही गाणी आणतो. आणू द्या, पण आधी शब्द कागदावर लिहून मागवा. वरातीत डीजेवर वाजणारी, अमक्या जातीचा वाघ आणि तमक्याचा बाप अशी गाणी हमखास येतील. ती वर्गात वाजवू नका. ठेक्यावर पाय हलायला लागले की डोकं चालत नाही आणि मधल्या सुट्टीत मारामारी होईल. शब्द नुसते वाचून दाखवा, सपाट आवाजात, बातम्या वाचतात तसे. मग विचारा, हे कुणाला ऐकवण्यासाठी लिहिलंय? माझ्या अनुभवात, वाद्यं काढून घेतली की अशी गाणी पोरांना स्वतःलाच जरा ओशाळी वाटतात. सगळ्यांना नाही. काहींना.

दहावीला गाणी न्यायची असतील तर ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ या पाठाशी एक किस्सा जोडा. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री झाले, मूळचे पुण्याचे. सिनेमाची गाणी अभिरुची बिघडवतात असं त्यांचं मत. आकाशवाणीवर ती जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवून सिलोनचं, म्हणजे आजच्या श्रीलंकेचं, केंद्र लावलं. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ त्याच वर्षी सुरू झाली आणि घराघरात पोचली. शेवटी सरकारनेच 3 ऑक्टोबर 1957 ला ‘विविध भारती’ काढली. तुमच्या स्टाफरूममधल्या प्रसंगाशी याचा काही संबंध आहे असं मी म्हणत नाही.

आणि तो मुलगा, उत्तराच्या जागी ध्रुवपद लिहिणारा. त्याला शून्य दिलं असेल तर राहू द्या, पण त्याला बोलावून घ्या. पुढचं कडवं येतं का विचारा. बहुतेक येत असेल, अशा पोरांना सगळं गाणं पाठ असतं. पुढच्या वेळी स्पीकरऐवजी त्यालाच उभं करा, मागे दोघे झिलकरी द्या, डफाला डबा चालेल. गणिताच्या सरांना आदल्या दिवशी सांगायचं तेवढं विसरू नका.